स्वच्छ पाण्यातील उपद्रवी शैवाल : प्रवाळ-मत्स्यालयापासून शेततळ्यापर्यंत

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहराची गर्दी मागे पडू लागली की होसकोटे येते. दक्षिण पिनाकिनी नदीच्या खोऱ्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून मिळालेल्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नाही. आज भाजीपाला, फुलशेती, तुती आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी ही या परिसराची ओळख आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही माझ्या मावसभावाच्या घरात, दिवाणखान्याच्या एका भिंतीशी, तीनशे लिटर समुद्र मांडलेला आहे.

हा समुद्र म्हणजे प्रवाळ-मत्स्यालय. शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ, २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमान, निळसर पांढरा प्रकाश, सतत वाहता प्रवाह आणि त्यात मासे, गोगलगायी, समुद्रपुष्पे व काही मऊ प्रवाळ. गेल्या उन्हाळ्यात मी तेथे गेले तेव्हा काका, म्हणजे मावशीचे यजमान, तासगावहून मुलाकडे आले होते. काकांची द्राक्षबाग आहे, शेततळे आहे, आणि पाण्याकडे पाहण्याची शेतकऱ्याची नजर आहे. काचेपलीकडचा देखावा मात्र त्यांना रुचला नव्हता. वाळूवर आणि खडकांवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा लोंबत होत्या, त्यांत हवेचे बारीक बुडबुडे अडकले होते, आणि तळाशी मेलेल्या गोगलगायींचे शंख पडले होते.

“अगं, दिवाळीला आलो तेव्हा ह्या पेटीत नुसतं हिरवं शेवाळ होतं,” काका म्हणाले. “पोरानं ते सगळं काढलं. पाणी निवळशंख झालं. आणि आता हे बघ. रोगापेक्षा इलाज भयंकर.”

मावसभाऊ ओशाळला होता. “ताई, नायट्रेट शून्य आहे, फॉस्फेट शून्य आहे. रोज मोजतोय. खायलाच काही नाही, तर हे जगतंय कशावर?”

या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न मत्स्यालयातला असला तरी उत्तर आपल्या शेतातले आहे. रिकाम्या केलेल्या जागेत सर्वांत आधी कोण येते, हे ज्याला कळले त्याला कीड-नियंत्रणाचे अर्धे शास्त्र कळले.

आधी ओळख, मग उपाय

शेतात पान पिवळे दिसले की कीड आहे, रोग आहे की अन्नद्रव्याची कमतरता, हे ठरवल्याशिवाय फवारणी करू नये, असे आपण शेतकऱ्याला सांगतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतही हाच नियम आहे. तेथे ‘शेवाळ’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे जीव मोडतात.

नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर व वाळूवर जो तपकिरी, सहज पुसला जाणारा थर येतो तो बहुधा डायटमचा असतो. डायटमच्या पेशीला सिलिकाचे कवच असते. पाण्यातील सिलिका संपली की हा थर बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. लालसर, मखमली चादरीसारखा आणि पापुद्र्यासारखा सुटणारा थर हा नील-हरित शैवालाचा, म्हणजे खरे तर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा. केसासारखे हिरवे पुंजके डर्बेसिया किंवा ब्रायोप्सिस यांचे, आणि हिरव्या काचमण्यांसारखे फुगे व्हॅलोनियाचे. चौथा प्रकार सर्वांत त्रासदायक, तो डायनोफ्लॅजेलेटचा. हे एकपेशीय जीव दोन कशाभिकांच्या, म्हणजे चाबकाच्या दोरीसारख्या धाग्यांच्या, साहाय्याने पोहतात. दिवसा ते चिकट तारा विणून बसतात, दुपारपर्यंत त्या तारांत प्राणवायूचे बुडबुडे साठतात, आणि दिवे मालवल्यावर थर विरळ होतो. सकाळी टाकी बरी दिसते, दुपारी पुन्हा जैसे थे.

ओळखीसाठी एक घरगुती परीक्षा आहे. थोडा चिकट थर टाकीच्या पाण्यासह बाटलीत घ्यावा, जोराने हलवून तारा मोडाव्यात, कॉफी गाळण्याच्या कागदातून पाणी गाळावे आणि गाळलेले पाणी प्रकाशात ठेवावे. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा तारा जमू लागल्या तर संशय डायनोफ्लॅजेलेटवर घ्यावा. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. मी एक नमुना प्रयोगशाळेत आणून पाहिला. अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या पेशी, निमुळत्या टोकाशी जणू दोरीने बांधल्याप्रमाणे, स्वतःभोवती गरगरत होत्या. ही ऑस्ट्रिऑप्सिसची लक्षणे. पेशी अंडाकृती, पुढे छोट्या चोचीसारखा भाग असलेल्या आणि वाळूत सरपटणाऱ्या असत्या, तर अॅम्फिडिनियम म्हटले असते. हा भेद केवळ नावापुरता नाही. पुढे दिसेल त्याप्रमाणे दोघांचे उपाय वेगळे आहेत.

ऑस्ट्रिऑप्सिसच्या बाबतीत माणसाची सुरक्षितताही महत्त्वाची आहे. याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतील विषारी द्रव्ये तयार करतात. इटलीतील जिनोआच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रिऑप्सिसचा मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हा समुद्रावरून येणाऱ्या तुषारांमुळे ताप, खोकला व श्वसनाचा त्रास होऊन सुमारे २०० जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. म्हणून टाकी साफ करताना हातमोजे व चष्मा वापरावा, नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये, आणि खडक निर्जंतुक करण्यासाठी ते कधीही उकळू नयेत. गोगलगायी का मेल्या याचे उत्तरही येथेच होते. विषारी थर खरडून खाणाऱ्या जीवांचाच पहिला बळी जातो.

शून्य आकड्याचा सापळा

मावसभावाने काय केले होते, ते क्रमाने विचारून घेतले. भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळखडक उचलणे बेकायदेशीर असल्याने त्याने कोरडे, कृत्रिम खडक वापरून टाकी सुरू केली होती. निर्णय योग्यच होता. पण अशा खडकावर सुरुवातीला जिवाणू, सूक्ष्म कवचधारी, कृमी यांपैकी कोणीही नसते. चौथ्या महिन्यात नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमवर गेले आणि हिरवे केसाळ शैवाल माजले. त्याने ते हाताने उपटले, फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे लावले, जिवाणू वाढून नायट्रेट खेचून घ्यावे म्हणून कार्बनयुक्त द्रावण टाकले, माशांचे खाद्य अर्ध्यावर आणले आणि दर आठवड्याला पाणी बदलले. दोन महिन्यांत दोन्ही आकडे शून्यावर आले आणि हिरवे शैवाल गेले. आणखी तीन आठवड्यांनी तपकिरी तारा दिसल्या.

हे शून्य फसवे आहे. चाचणीचे किट पाण्यात शिल्लक राहिलेले पोषणद्रव्य दाखवते. ते किती वेगाने येते आणि किती वेगाने उचलले जाते, हे त्यातून कळत नाही. रोज खाणारे आणि विसर्जन करणारे मासे असलेल्या टाकीत पुरवठा कधीच शून्य नसतो. शून्य वाचन म्हणजे आलेला प्रत्येक कण कोणीतरी तत्काळ उचलतो आहे.

तो कोण उचलतो, हा खरा प्रश्न. हिरवे शैवाल, डायटम, पृष्ठभागावरील जिवाणू हे पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर जगतात. पाणी अगदी हलके झाले की ते मागे पडतात. डायनोफ्लॅजेलेटपैकी अनेक जाती मात्र दोन्ही हातांनी जेवतात. प्रकाशात त्या वनस्पतीप्रमाणे अन्न तयार करतात, आणि गरज पडली तर जिवाणू व इतर सूक्ष्म पेशी गिळूनही पोट भरतात. त्यांना पोहता येते, म्हणून अन्न जेथे असेल तेथे जाता येते. चिकट श्लेष्म आणि विष यांमुळे त्यांना खाणारेही थोडे. उपासमारीच्या काळात असा जीव सर्वांत उशिरा मरतो. प्रतिस्पर्धी मेले, भक्षक मेले, खडक रिकामे झाले की मोकळी जागा त्याचीच.

कीटकशास्त्रज्ञाला हे चित्र फार ओळखीचे आहे. आपण त्याला किडीचा पुनरुद्रेक म्हणतो. भातावरील तपकिरी तुडतुड्याचा आशियातील उद्रेक हे त्याचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण. तुडतुडे मारण्यासाठी केलेल्या फवारण्यांनी कोळी व भक्षक ढेकूण आधी मेले, आणि तुडतुडा अधिक जोमाने परत आला. अखेर इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. सांगलीच्या वाचकांना दूर जाण्याचीही गरज नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यातून पसरलेला उसावरील लोकरी मावा अनेकांच्या स्मरणात असेल. पानांच्या खाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी, आणि उंच उसात फवारणी करणेही दुरापास्त. त्या संकटातून बाहेर काढण्यात मोठा वाटा डिफा अळी, मायक्रोमस आणि ईशान्य भारतातून आणून सोडलेली एन्कार्सिया ही परोपजीवी गांधीलमाशी या मित्रकीटकांचा होता. जेथे फवारणी आवरली गेली, तेथे त्यांना काम करता आले.

काकांना मी ही आठवण करून दिली. ते म्हणाले, “म्हणजे ह्या पेटीत मित्रकिडीच राहिल्या नव्हत्या, असंच ना?” विस्तारकार्यातील पुष्कळ व्याख्यानांपेक्षा हे एक वाक्य नेमके होते.

शत्रू आणि पोशिंदा एकाच कुळातले

मग डायनोफ्लॅजेलेट मारणारे एखादे औषध टाकून प्रश्न का सोडवू नये? कारण प्रवाळाचा अन्नदाताही डायनोफ्लॅजेलेटच आहे. प्रकाशावर जगणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींत सिम्बायोडिनियम कुळातील सूक्ष्मशैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करून आपल्या उत्पादनाचा मोठा भाग प्रवाळाला देते आणि प्रवाळाच्या उत्सर्जनातील नत्र-स्फुरद स्वतः वापरते. समुद्र तापला की ही भागीदारी मोडते, प्रवाळ आपले सहजीवी गमावतो व पांढरा पडतो. यालाच आपण प्रवाळाचे विरंजन म्हणतो. आपल्या मालवणच्या समुद्रातील प्रवाळही याच भागीदारीवर उभे आहेत.

म्हणजे ज्या कुळातील जीव टाकीचा शत्रू ठरतो, त्याच कुळातील दुसरा जीव टाकीतील प्रवाळाला पोसतो. शेतात मावा हा कीटक आहे आणि मावा खाणारा लेडीबर्ड भुंगेराही कीटकच आहे. सर्वव्यापी विषाला हा भेद कळत नाही. मोरचुदाचे तर नावच काढू नये. तांब्याची अल्प मात्राही प्रवाळ, गोगलगायी, कोळंबी यांना मारक ठरते, आणि ते खडकांत व वाळूत मुरून पुढे हळूहळू सुटत राहते.

उलट बाजूचा धडा कॅरिबियन समुद्राने दिला आहे. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ लांब काट्यांचा काळा समुद्री साळू, डायडेमा, मरू लागला. वर्षभरात रोग संपूर्ण कॅरिबियनमध्ये पसरला व बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक साळू नष्ट झाले. शैवाल चरणारे मासे अतिमासेमारीने आधीच घटले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते, आणि आता शेवटचा मोठा चरणारा जीवही गेला. जमैकाच्या प्रवाळखडकांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवाळाचे आच्छादन ५० टक्क्यांहून अधिक होते, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ५ टक्क्यांखाली आले, आणि शैवालाचे आच्छादन ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. चरणारे जीव हे टाकीतील शोभेची वस्तू नव्हेत, ती नियंत्रणाची यंत्रणा आहे.

होसकोट्यात काय केले

उपायांची सुरुवात मावसभावाला उलटी वाटली. प्रथम त्याला पोषणद्रव्ये वाढवायला सांगितली. फॉस्फेट शोषणारे दाणे व कार्बनयुक्त द्रावण बंद केले, खाद्य पूर्ववत केले, आणि वारंवार पाणी बदलणे काही आठवडे थांबवले. तरीही नायट्रेट वर येईना, तेव्हा प्रयोगशाळा-प्रतीचे पोटॅशियम नायट्रेट वापरले. तीनशे लिटर पाण्यात नायट्रेट लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी ते सुमारे अर्धा ग्रॅम लागते. फॉस्फेटसाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम घेऊन १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले. या द्रावणाचे सुमारे ९ मिलिलिटर टाकले की तेवढ्याच टाकीत फॉस्फेट लिटरला ०.०२ मिलिग्रॅमने वाढते.

डबीवरचे नाव वाचून काका हसले. “म्हणजे तेरा-शून्य-पंचेचाळीसच की हे! आणि दुसरं शून्य-बावन्न-चौतीस. बागेला देतो तेच पोरगा माशांना देतोय.” रसायने तीच हे खरे. परंतु खताच्या प्रतीतील अशुद्धी टाकीला चालत नाही, म्हणून प्रत वेगळी.

रोज मोजून, हळूहळू वाढवत, नायट्रेट लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम या पट्ट्यात ठेवले. हे आकडे मुख्यतः जगभरातील मत्स्यालय-पालकांच्या अनुभवातून आलेले आहेत, शेतीतील खतमात्रेसारख्या चाचणी-प्रयोगांतून नव्हेत. त्यांच्याकडे दिशा म्हणून पाहावे.

दुसरे, रात्री पाण्यात तरंगणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिससाठी अतिनील दिव्याचे उपकरण लावले. त्याचा पंप मुख्य टाकीतूनच पाणी घेईल आणि तेथेच सोडेल अशी जोडणी केली, कारण पेशी दिव्यासमोरून गेल्या तरच मरतात. येथे ओळखीचा उपयोग झाला. मोठ्या पेशींचे, वाळू न सोडणारे अॅम्फिडिनियम असते तर या दिव्याचा फारसा लाभ नव्हता. तेव्हा पाण्यात सिलिकेटची मोजकी मात्रा देऊन डायटम वाढवतात आणि त्यांच्याकडून वाळूची जागा व्यापून घेतात. एका उपद्रवाने दुसऱ्याला हटवण्याची ही युक्ती आहे.

तिसरे, तारा सर्वाधिक दाट असतात तेव्हा, म्हणजे दुपारनंतर, त्या नळीने ओढून बारीक कापडी गाळणीतून काढल्या आणि पाणी परत टाकीत सोडले. विष शोषण्यासाठी सक्रिय कोळसा ठेवला व तो वेळोवेळी बदलला. चौथे, विविधता परत आणली. एका जुन्या, निरोगी टाकीतील गाळणीचे दगड व मूठभर वाळू आणून सोडली. सेंद्रिय शेतीत विरजण म्हणून जुन्या कंपोस्टची मूठ टाकतात, तसेच हे. विषारी थर ओसरेपर्यंत नव्या गोगलगायी मात्र आणल्या नाहीत.

साधारण पाचव्या आठवड्यात काचेवर फिकट हिरवा थर दिसू लागला. मावसभावाने सवयीने पुसणी उचलली. मी फोनवरून त्याला थांबवले. तो हिरवा थर म्हणजे परत आलेला प्रतिस्पर्धी होता. तिसऱ्या महिन्यात तपकिरी तारा दिसेनाशा झाल्या. हिरव्या थरावर चरायला तेव्हा ट्रोकस जातीच्या गोगलगायी आणल्या. टाकी आता चकचकीत नाही. खडकावर कुठे हिरवे, कुठे जांभळे डाग आहेत, आणि मऊ प्रवाळ पूर्ण उमललेले आहेत.

काकांचे शेततळे

टाकीचा विषय संपल्यावर काकांनी आपली गोष्ट काढली. त्यांचे शेततळे ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, प्लास्टिक अंथरलेले. उतरत्या बाजू धरता त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने अशी तळी गावोगाव झाली, आणि दुष्काळी तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत बागेचा जीव याच पाण्यात असतो. त्यांच्या तळ्यात मार्चपासून पाणी हिरवे होई व ठिबकचे ड्रीपर तुंबत. आदल्या वर्षी कोणाच्यातरी सांगण्यावरून त्यांनी संपूर्ण तळ्यात एकाच दिवशी मोरचूद टाकले. पाणी निवळले. तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडू लागले आणि सकाळी मेलेल्या माशांचा खच पडला. महिनाभराने पाण्यावर निळसर हिरवी, रंगासारखी साय धरली. ती आधीच्या हिरव्यापेक्षा वाईट होती आणि तिला दुर्गंधी होती.

काकांचे तळे आणि मुलाची टाकी यांची कथा एकच आहे. एकदम मेलेले शैवाल कुजते, कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू सर्वांत कमी असण्याची वेळ पहाटेची असल्याने मासे तेव्हाच मरतात. हिरवे सूक्ष्मशैवाल खाणाऱ्या पाणपिसवा तांब्याला अत्यंत संवेदनशील असतात, त्याही गेल्या. मेलेल्या शैवालातील स्फुरद पाण्यात परत सुटला. चरणारे नाहीत, प्रतिस्पर्धी नाहीत, खत मात्र भरपूर. तेथे मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित शैवाल आले. त्याच्या काही प्रकारांचे विष यकृतावर आघात करते, म्हणून अशी साय आलेले पाणी गुरांना पाजू नये.

मुळाशी स्फुरद कसा असतो, हे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १९७३ साली सुरू झालेल्या एका साध्या प्रयोगाने दाखवले. ‘तळे क्रमांक २२६’ मध्ये पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नत्र टाकले, एका भागात त्यासोबत स्फुरदही टाकला. ज्या भागात स्फुरद होता तोच भाग शैवालाने गर्द हिरवा झाला. शेततळ्यात हा स्फुरद येतो कोठून? बांधावरून वाहून येणारे शेणखत व खताचे पाणी, माशांना दिलेले जादा खाद्य, आणि कधी कधी तळ्याच्या काठावरच धुतलेली खताची टाकी.

काकांसाठी मी लिहून दिलेली यादी येथे देते. आपल्या गावातील शेततळे-धारकांसाठी विस्तार कार्यकर्त्यांना ती उपयोगी पडावी.

पहिले काम येणारे खत थांबवणे. तळ्याभोवती बांध उंचावून वाहते पाणी वळवावे, खत मिसळण्याची व टाकी धुण्याची जागा काठापासून दूर न्यावी, माशांचे खाद्य ते संपवतात तेवढेच द्यावे.

दुसरे, प्रकाश कमी करणे. शक्य असेल तेथे तळ्यावर सावलीची जाळी धरावी. शैवालही कमी होते आणि बाष्पीभवनही.

तिसरे, पाणी उचलण्याची जागा. पंपाचा फुटव्हॉल्व्ह पृष्ठभागावरील सायीत किंवा तळाच्या गाळात नको. तरंगत्या पिंपाला बांधून तो पृष्ठभागाखाली अर्धा ते एक मीटर ठेवावा. त्यापुढे वाळूचा फिल्टर आणि मग जाळीचा किंवा चकतीचा फिल्टर, आणि दोन्हींची नियमित धुलाई. शैवालाच्या पाण्यात केवळ जाळीचा फिल्टर पुरत नाही.

चौथे, चरणारे जीव. सूक्ष्मशैवाल गाळून खाणारा चंदेरी कार्प आणि पाणवनस्पती खाणारा गवत्या कार्प यांचा समावेश मत्स्य विभागाच्या सल्ल्याने, शिफारस केलेल्या प्रमाणातच करावा.

पाचवे आणि अखेरचे, रसायन. ते वापरण्याची वेळ आलीच तर आधी पाण्याची अल्कलिनिटी तपासावी. ती लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद वापरूच नये. अन्यथाही तज्ज्ञाने ठरवलेल्या मात्रेने, एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, सकाळी ऊन आल्यावर आणि आठवडाभराच्या अंतराने. द्राक्षावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या हाताला मोरचूद परिचित असते, पण पानावरचे तांबे आणि पाण्यातले तांबे यांचे परिणाम सारखे नाहीत.

टाकीतील जीव टाकीतच

होसकोट्याहून निघताना मावसभावाला दोन गोष्टी बजावल्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळखडक आणणे व विकणे हा गुन्हा आहे. विक्रेता कागदपत्रे दाखवू शकत नसेल तर खरेदी करू नये.

दुसरी गोष्ट, टाकीतील पाणी, शैवाल वा जीव ओढ्यात, तलावात किंवा समुद्रात सोडू नयेत. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातील शोभिवंत शैवाल १९८४ मध्ये मोनाकोच्या किनाऱ्यालगत आढळले आणि तेथून ते भूमध्य समुद्राच्या मोठ्या भागात पसरले. आपल्याकडील जलपर्णी आणि साल्विनिया यांनीही शोभेची वनस्पती म्हणूनच प्रवास सुरू केला. बंगळूरमध्ये १९८० च्या दशकात साल्विनियावर सिर्टोबॅगस आणि जलपर्णीवर निओकेटिना हे भुंगे सोडून नियंत्रण साधले गेले, ते जैविक नियंत्रणाच्या इतिहासातील उज्ज्वल पान आहे. पण प्रत्येक सुटलेल्या जीवासाठी असा भुंगा सापडतोच असे नाही.

या वर्षी मार्चमध्ये काकांचा फोन आला. तळ्याच्या काठावर बांध घातला होता, फुटव्हॉल्व्ह पिंपाला टांगला होता, जाळीचे काम निम्मे झाले होते. मी पाण्याचा रंग विचारला.

“हिरवट आहे,” काका म्हणाले. “पण मासे खाली आहेत आणि ड्रीपर वाहतायत. मग राहू दे की थोडं हिरवट.”